दिलदारचा मुरगळलेला पाय

हंबीरराव सरांनी १९६६ ते ७८ अशी बारा वर्षं आमच्या कॉलेजच्या संघाला फुटबॉल शिकवला, असं परवाच्या मानपत्रात छापलं होतं. काय शिकवलं ते छापलं नाही, बरं केलं. गळ्यात शिट्टी, पायात चकचकीत बूट. चिखल दिसला की सर मैदानाच्या कडेनंच ओरडायचे. बारा वर्षांत चषक एक, तोही कागलच्या संघाची गाडी वाटेत बंद पडली म्हणून.

कोल्हापुरात पोरगा कॉलेजकडून चार वर्षं खेळतो आणि आपल्या पेठेतल्या तालमीकडून पाय चालतील तोवर. सर नोकरीला कॉलेजात होते, जीव मात्र तालमीत.

१९७१ साली दिलदार आमचा डावा विंगर होता. तसा खेळाडू मी पुन्हा पाहिला नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली, की एका गिरणीत त्याची कायमची नोकरी ठरलेली. कातड्याचे फुटबॉल शिवून बापाचे डोळे गेले होते. घराची सगळी भिस्त त्या निवडीवर होती.

आमच्या कॉलेजच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी तालमींची स्पर्धा झाली. तिथं दिलदारनं सरांच्या तालमीवर दोन गोल चढवले. झालं! सरांना ते डाचत राहिलं. अंतिम सामन्याला निवड करणारे साहेब आले, तेव्हा सर त्यांना म्हणाले, "पोराचा पाय मुरगळलाय, साहेब. आज न्हाय खेळायचा."

दिलदार शेजारीच दोन्ही पायांवर धड उभा होता. त्याची जर्सी मला मिळाली, कारण मी सरांच्या तालमीचा. मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी ती घातली. आम्ही तीन-शून्य हरलो. दिलदार बापाच्या जागी फुटबॉल शिवायला बसला.

परवा सरांच्या सत्काराला सामना ठेवला होता. त्याचा चेंडू पोचवायला दिलदार आला. "म्या कधी आपला-परका केला न्हाय," असं सर भाषणात म्हणाले. लाज सोडली की भाषण झकास होतं. मग फोटोची वेळ आली.

"ये की रं दिलदार, माझ्या शेजारी हुबा ऱ्हा. माझ्या हातनं घडलेलं पोरगं हाय हे!"

दिलदारनं चेंडू टेबलावर ठेवला. "पाय मुरगळलाय, सर. त्या फायनलपासनं. हुबं ऱ्हायला येत न्हाय." आणि ताठ चालत तो फाटकाबाहेर गेला.

फोटोवाला खोळंबला होता. सरांनी इकडंतिकडं बघून मला हाक मारली.

याही खेपेला मीच त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो.