अजून तपासलं नाही

पांढरकवड्याच्या बसस्टँडसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान होतं. गुलाबी बोंडअळीनं कापूस पोखरला त्या वर्षी मी तिच्यावर शोधनिबंध लिहीत होतो आणि प्रती काढायला त्याच्याकडे जायचो. प्रत्येक कागद तो उजेडाकडे धरायचा, थोडा वाचायचा, मग फुंकर मारून मशीनवर ठेवायचा.

"सर, हे छापून कधी येते?" एकदा त्यानं विचारलं.

"आधी तज्ज्ञ तपासतील. वर्षभर तरी जाईल."

"तोवर अळी थांबून राह्यते काय?"

"पण न तपासता दिलं आणि चूक निघाली तर?"

"मंग वरतं तसं लिहा ना, का अजून तपासलं नाई. वाचणारे सांगतीन चूक."

त्याच आठवड्यात मी निबंध इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला ठेवला, वर ती ओळ लिहून. चार दिवसांत मुकुटबनच्या कृषी सहायकाचा फोन आला. मी लिहिलं होतं त्याच्या बरंच आधी, फुलातच अळी दिसते, असं तो म्हणाला. त्यानं फोटो पाठवले. मी ओशाळलो, पण निबंध दुरुस्त केला.

पुढे तो रीतसर छापून यायची वेळ आली तेव्हा माझी बदली झाली होती. आभार लिहायला बसलो आणि लक्षात आलं, त्या दुकानदाराचं नाव मी कधी विचारलंच नव्हतं. 'पांढरकवड्याचे झेरॉक्सवाले' एवढंच लिहिलं. संपादकांनी ते राहू दिलं.