चौथा रविवार

गंडमाळ हा शब्द डॉक्टरांनी टाकून दिला त्याला बरीच वर्षं झाली. ते आता गाठींचा टीबी म्हणतात आणि सहा महिन्यांच्या गोळ्या देतात. शिंदखेड्याच्या अलीकडच्या एका गावात, पार्वताबाईंच्या दारावरच्या पत्र्यावर मात्र तो अजून नोकरीला होता: 'गंडमाळेवर औषध मिळेल. फक्त रविवारी. फुकट.'

औषध सासऱ्यांकडून आलेलं. कांचनाची साल तांदळाच्या धुवणात सहाणेवर उगाळायची आणि मानेवरच्या गाठींना लेप द्यायचा. पैसा घ्यायचा नाही, दारी आलेल्याला हाकलायचं नाही. आणि तीन रविवारांत उतार पडला नाही, तर चौथ्या रविवारी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, की हे माझ्या हातचं नाही, दुसरीकडे जा. यातली एक जरी अट मोडली तर हाताचा गुण कायमचा जातो, असं सासरे मरताना बजावून गेले होते.

पार्वताबाईंवर ते वाक्य बोलायची पाळी एकतीस वर्षांत एकदाही आली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. ज्यांना उतार पडत नसे ते चौथ्या रविवारी येतच नसत. न आलेला माणूस बरा झाला असं धरायची त्यांची पद्धत होती.

मग सुनेच्या मानेवर गाठ आली.

वृषाली जामनेरची, बीए झालेली. लग्नाला चार वर्षं झाली तरी घरात पुस्तकातलं मराठी बोलायची. घरात कुणी चपला घालून फिरावं तसं ते पार्वताबाईंना वाटे. एका गाठीच्या तीन झाल्या, संध्याकाळचा ताप सुरू झाला. आरोग्य केंद्राची आशाताई मोहिनी येऊन सांगून गेली, धुळ्याला नेऊन सुईची तपासणी करा.

"मनी सून धुयाले गई, तर रविवारले मना दारशी कोन ई?" पार्वताबाई म्हणाल्या.

त्यांचा मुलगा युवराज जेवत होता. त्याने आणखी एक भाकर मागितली. हे त्याचं मत होतं.

"आई, रोज ताप येतोय मला."

"गाठ तू माहेरथीन आनेल शे. आते माले नाव ठेवस."

रात्री युवराज बायकोला म्हणाला, "आईनं एकदा जा म्हटलं, की नेतो."

लेप स्वयंपाकघरात, दार लावून सुरू झाला. बाकीच्यांच्या मानेवर पार्वताबाईंची बोटं हलकी फिरत. सुनेच्या मानेवर त्या भांडं घासल्यासारखा लेप घासत. तिसऱ्या रविवारानंतर एक गाठ फुटली.

"तीन रविवार झाले," वृषाली म्हणाली. "आता सांगा ते."

"ते लोकेसले सांगनं पडस. घरनाले नही."

चौथ्या रविवारी ओट्यावर सात माणसं बसली होती. वृषाली मागच्या दाराने बाहेर पडली, घराला वळसा घालून आली आणि रांगेत शेवटी, शिरपूरच्या तोताराम आबांच्या मागे बसली. पदर खाली घेतला. फुटलेली गाठ सगळ्यांना दिसली.

"ऊठ. चहा टाक," पार्वताबाई म्हणाल्या.

"मना नंबर लागू दे, मावशी."

मावशी म्हणायचे ते रोगी. आणि चार वर्षांत सुनेच्या तोंडून अहिराणी कुणी ऐकली नव्हती. पार्वताबाईंचा उगाळता हात थांबला.

"नाटक करू नको."

"मना चौथा रविवार शे, मावशी. उतार नही."

तोताराम आबांनी वळून तिची मान पाहून घेतली. "सांगी टाक ना वं माय," ते म्हणाले. "चौथा शे म्हनस ती."

पार्वताबाई गावातल्या कुणाला भीत नव्हत्या, पण सासऱ्यांच्या अटींना भीत होत्या. लेप लावला तर हाताचा गुण जाणार, आणि दारी आलेलीला हाकललं तरी जाणार.

"हाई मना हातनं नही," त्या सहाणेकडे बघत म्हणाल्या. "दुसरीकडे जाय." साल पुन्हा उगाळायला घेत म्हणाल्या, "आनि जातांना पानीनी टाकी भरी जाजो."

वृषालीने टाकी भरली. युवराजने मोटारसायकल काढली.

धुळ्याला सुई झाली, टीबी निघाला, सहा महिने गोळ्या झाल्या. गाठी विरघळल्या, वण राहिला. पार्वताबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, की आधी लेप मुरला होता म्हणून गोळ्या लागू पडल्या. वृषाली ते खोडून काढत नाही. ती दर रविवारी ओट्यावर मटकी निवडत बसते आणि आलेल्या प्रत्येकाचा फोन नंबर घेते. तीन रविवार येऊन चौथ्याला जो फिरकत नाही, त्याला फोन लावते.

"उतार पडना का?" ती विचारते. नाही म्हटलं की फोन सासूच्या हातात देते.

गेल्या रविवारी पार्वताबाईंना ते वाक्य पाच वेळा बोलावं लागलं. सहाव्या फोनला त्यांनी लेपाने भरलेले दोन्ही हात वर केले. "हात चिकट शेतस मना."

"राहू द्या," वृषाली पुस्तकातल्या मराठीत म्हणाली. "कानाशी मी धरते."