चंद्रावरचं रोप

माझ्या मुलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आल्या की कधी कधी मला विचारतात, "काका, ते चंद्राबिंद्राचे जुने सिनेमे, त्यातले कुठले बघण्यासारखे आहेत हो?"

मी चष्मा पुसतो आणि सांगतो. सूर्य थंड पडायला लागतो आणि सगळं गाव गुराढोरांसकट कोळशाच्या खाणीत राहायला जातं, तो बघा. मुका आहे, फारसा कुणाला ठाऊक नाही, लागतोही क्वचितच. पण खाणीत जन्मलेल्या वासराला पहिल्यांदा वर आणतात आणि ते उजेडाला घाबरतं, तेवढ्यासाठी तरी बघाच. समुद्राच्या तळाखालून आगगाडी नेणाऱ्या इंजिनिअरचाही बघा, पण मध्यंतरापर्यंत. नंतर त्याचं लग्न ठरतं आणि आगगाडी बाजूला पडते. हल्लीचे उडत्या तबकड्यांचे रंगीत सिनेमे सोडून द्या, त्यात नुसती पळापळ असते.

मुली मान डोलावतात. एखादी म्हणते, "काकांना किती माहिती आहे!" मग माझी बायको स्वयंपाकघरातून एकदा माझ्याकडे बघते. तिला ठाऊक आहे की यातला एकही सिनेमा मुळात माझा नाही. सगळे तिच्या धाकट्या भावाचे आहेत. सांगायची पद्धतही त्याचीच.

माझ्या या मेहुण्याचा मी आयुष्यभर हेवा केला. त्याने माझं काही वाईट केलं असतं तर सोपं झालं असतं. त्याने कधीच केलं नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांतली गोष्ट. आम्ही फणसवाडीत, चाळीच्या पहिल्या मजल्यावर राहत होतो. मी सरकारी कचेरीत कारकून. मेहुणा एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा आणि खोताच्या वाडीत एका ख्रिस्ती कुटुंबाच्या माडीवर खोली घेऊन एकटाच राहायचा. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचा. येताना घोषणा देऊन देऊन घसा बसलेला असायचा आणि त्याच बसलेल्या घशाने तो माझ्या मुलीला सिनेमे सांगायचा.

मुलगी तेव्हा शाळेच्या वरच्या वर्गात होती. रशियाने आकाशात कृत्रिम चंद्र सोडला आणि आमच्या घरात दुसरा विषयच उरला नाही. गिरगावातल्या एका थिएटरात रविवारी सकाळी जुने इंग्रजी सिनेमे लागायचे, झिजलेल्या, तुटक्या रिळांचे. शनिवारच्या वर्तमानपत्रातली जाहिरात ती कापून ठेवायची आणि मामा आला की पुढे करायची.

"मामा, हा बघू?"

"हा नको. यात राक्षस दोरीने लटकवलाय, दोरी दिसते. पुढच्या रविवारी खाणीतला लागेल बहुतेक, तो बघ." मग तो उभं राहून, हातवारे करत अर्धी गोष्ट सांगायचा आणि बरोबर ऐन वेळी चपला घालायला लागायचा.

"पुढे? मामा, पुढे काय?"

"पुढचं तिथे जाऊन बघ. मी सांगितलं तर थिएटरवाल्याने खायचं काय?"

मी खाटेवर पेपर वाचत असायचो. म्हणजे पेपर धरलेला असायचा. मुलगी मला एवढंच विचारायची, "बाबा, जाऊ ना?" कुठला बघू, हे तिने मला कधी विचारलं नाही. एकदा मी आपण होऊन म्हणालो, "त्या आगगाडीच्या सिनेमात म्हणे—" तर ती म्हणाली, "हो बाबा, मामाने सांगितलंय." मी पेपराचं पान उलटलं.

पुढच्या वर्षी मेहुणा सीमाभागात सत्याग्रहाला गेला आणि पकडला गेला. चाळीत बातमी आली तेव्हा शेजारपाजारचे माझं अभिनंदन करायला आले. माझं! मी सरकारी नोकर, मोर्चा दिसला तर पलीकडच्या फुटपाथवरून जाणारा माणूस. बायको डोळे पुसत होती आणि अभिमानाने हसतही होती. मीही चेहरा गंभीर केला. पण जे खरं ते लिहितो: मला बरं वाटलं. आता काही रविवार तरी तो येणार नव्हता.

मुलगी जाहिराती कापतच राहिली. कात्रणं घड्याळामागे खोचलेली दिसायची, मामा सुटून येईपर्यंत. अशाच एका शनिवारी तिच्या हातातल्या कात्रणावर माझी नजर गेली. चंद्रावर एकटाच मागे राहिलेल्या माणसाचा सिनेमा. मी उठून बसलो.

"हा मी पाहिलाय."

"तुम्ही?"

ती मला काय समजायची ते त्या एका शब्दात कळलं. पण मी रागावलो नाही, कारण मला खरंच आठवत होतं. लग्नानंतरच्या वर्षी पाहिलेला. बाकीचे लोक यानातून परत जातात आणि हा माणूस मागे राहतो. आणि मग तो प्रसंग. पत्र्याच्या डब्यात त्याने एक रोप लावलेलं असतं. सगळीकडे राखेसारखी जमीन, आणि मधे ते एवढंसं हिरवं रोप. रोज सकाळी तो त्याला पाणी घालतो आणि हात जोडून क्षणभर उभा राहतो. मी मुलीला हे सांगितलं आणि मला न शोभेल असं मध्येच थांबलो. "पुढचं तिथे बघू," मी म्हणालो. "मीही येतो."

ती माझ्याकडे नव्याने बघत होती. त्या एका नजरेवर मी तो शनिवार काढला.

रविवारी आम्ही दोघं गेलो. सिनेमा सुरू झाला. यान निघालं, उतरलं, माणूस मागे राहिला. मी तिच्या कानाशी वाकलो. "आता बघ हं." माणूस खडकावर बसून डायरी लिहीत होता. मग झोपला. मग उठला. "आता," मी म्हणालो. मग त्याला खोकला लागला. मग एकदम मोठा उजेड झाला, दुसरं यान त्याला न्यायला आलं आणि सिनेमा संपला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. दिवे लागले तरी मी बसूनच होतो.

"रीळ कापलं असेल बाबा," मुलगी म्हणाली. "जुन्या सिनेमांचं होतं असं. मामा सांगतो नेहमी."

परतताना मी तिला पियूष प्यायला नेलं. ती पेला हातात धरून विचार करत होती.

"बाबा, रोप हिरवं होतं म्हणालात ना?"

"हो. अगदी हिरवंगार."

"पण सिनेमा तर काळा-पांढरा आहे."

मी म्हणालो, "ते आपल्याला कळतंच की, रोप म्हणजे हिरवं." ती "हो" म्हणाली आणि मला वाईट वाटू नये म्हणून पियूष फार छान असल्याचं सांगितलं.

काही दिवसांनी मेहुणा सुटून आला. चाळीच्या तोंडाशी हार, गुलाल, "झालाच पाहिजे"चा गजर. माझ्या मुलीने त्याला ओवाळलं. तो वाळला होता, दाढी वाढली होती, आणि ती दाढीसुद्धा त्याला शोभत होती. ताट खाली ठेवता ठेवताच ती म्हणाली, "मामा, बाबांनी मला चंद्राचा सिनेमा दाखवला! पण त्यातला रोपाचा भाग कापलेला होता."

"रोपाचा?" त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला सांगावं लागलं. डबा, राख, पाणी, हात जोडणं. सांगता सांगता त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं आणि गेलं. तेव्हा मला वाटलं, त्याला माझा हेवा वाटला. मला इतकं सुख झालं म्हणून सांगू!

"हो हो," तो म्हणाला. "डब्यातलं रोप. कापलं काय त्यांनी? अरेरे. तोच तर त्या सिनेमाचा जीव होता."

"पण मामा, चंद्रावर त्याने पाणी कुठून आणलं?"

"ते भाऊजींना विचार. मी तेव्हा अर्ध्या चड्डीत होतो, मला नाही आठवत."

"आठवून सांगतो," मी ऐटीत म्हणालो.

संध्याकाळी मुलगी बाहेर गेल्यावर बायको तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुम्ही कधी पाहिलात तो सिनेमा?"

"लग्नानंतरच्या वर्षी."

"त्या वर्षी तुम्हाला विषमज्वर झाला होता. आमच्याकडेच होतात की, आईकडे. उठून बसता येत नव्हतं तुम्हाला, सिनेमाला कुठले जाताय? हा शाळेतून आला की तुमच्या उशाशी बसून गोष्टी सांगायचा. त्यातच सांगितला हा चंद्राचा."

"रोपासकट?"

"रोप नाही हो, तुळस. आई दारात बसून ऐकायची. ती म्हणाली, एकटा राहतो म्हणतोस, मग दारात तुळस तरी आहे का त्याच्या? तर लगेच म्हणतो कसा, आहे ना, डब्यात लावलीय, रोज पाणी घालून नमस्कार करतो. आम्ही किती हसलो! तुम्ही मात्र तापात डोळे मिटून म्हणालात, 'छान.'"

ती हसत होती. मी हातातला पेपर बघत राहिलो. गोरा माणूस एका रोपापुढे हात जोडून उभा राहतो, यात इतक्या वर्षांत मला काहीच विचित्र वाटलं नव्हतं. मी ते पडद्यावर पाहिलं होतं, अगदी शपथेवर सांगितलं असतं. माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच सिनेमा होता आणि तोही त्याचाच निघाला. त्याहून वाईट म्हणजे तो मला सांभाळून घेत होता. माझ्याच मुलीसमोर, माझ्याच घरात, गळ्यात हार असताना.

मी त्याच वेळी मुलीला खरं सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण ती आल्या आल्या म्हणाली, "आठवलं का बाबा, पाण्याचं?" आणि तिच्या आवाजात मामाला विचारतानाची ओढ होती. ती मला सोडवेना. "आठवतोय," मी म्हणालो.

तो आठवडा मी कचेरीत फायलींपुढे बसून चंद्रावर पाणी शोधत होतो. बर्फ म्हणावं, तर रोप जगेल कसं? पाऊस म्हणावं, तर तिथे ढग नाहीत. मेहुण्याला हे एका क्षणात सुचलं असतं, चपला घालता घालता. या विचाराने माझं डोकं आणखीच बंद व्हायचं. आणि मग शनिवारी सकाळी, गॅलरीत आरसा टांगून दाढी करताना, वाटीतलं उरलेलं पाणी कठड्यावरच्या कुंडीत ओतायला मी हात पुढे केला. रोजच ओततो. तो हात तसाच राहिला.

रविवारी सकाळी मी मुलीला हाक मारली. "आठवलं गं. त्याच्याकडे प्यायचं पाणी मोजकंच असतं. पण तो रोज दाढी करतो. बघायला कुणी नाही, तरी करतो. आणि दाढीचं वाटीतलं पाणी रोपाला घालतो. मग एके दिवशी पाणी फारच कमी पडतं, तेव्हा तो दाढी करायची सोडतो आणि ते पाणी तसंच रोपाला देतो. दुसरं यान येतं तेव्हा त्याची दाढी छातीपर्यंत वाढलेली असते आणि रोप गुडघ्याएवढं."

ती म्हणाली, "बाबा, हे कापायला नको होतं त्यांनी."

मी काय काय ऐकलं असेल त्या वाक्यात! आणि पुढच्याच क्षणी खालून मेहुण्याची शीळ आली, तशी ती उठली. "मामाला सांगून येते!"

मी गॅलरीत आलो, पण कठड्याच्या मागेच उभा राहिलो. खाली चौकात नळाजवळच्या ओट्यावर ती त्याला सगळं सांगत होती. हातवारे करत, मध्येच थांबत. गोष्ट माझी होती आणि हात त्याचे. दाढीशी आल्यावर तिने आवाज खाली आणला, मला नीट ऐकू येईना. मी कुंडी सरकवल्यासारखं करून पुढे वाकलो.

"हे कुणी सांगितलं?" मेहुण्याने विचारलं.

"सिनेमातच होतं. बाबांना आठवलं."

मला वाटलं, आता तो हसेल, सांगून टाकेल. सांगितलं असतं तर तो माझ्यावर उपकार झाला असता. निदान तिला कळलं असतं की हे मला सुचलं, मला, तिच्या बापाला. त्याने मान वर केली. मी दिसलो असेन, कारण तो वर बघूनच बोलला.

"हो की," तो म्हणाला. "दाढीचं पाणी. बरोबर. मलाही आता आठवतंय."

जन्मात एकच गोष्ट माझी मला सुचली होती. तीही त्याने आधीच पाहिलेली निघाली.