कठड्यावरची अंबाडीची दोरी

मित्रांनो, आज लातूरला धाकट्या भावाच्या नव्या घरी गेलो होतो.

जिन्याच्या लोखंडी कठड्याला गुंडाळायला आमच्या वडिलांनी, बापूंनी, स्वतः अंबाडीची दोरी वळली होती. लाकडी बाज विणताना भिजवतात, तशीच त्यांनी ती ओली गुंडाळली. वाळून घट्ट बसली खरी, पण लोखंड गंजलं आणि दोरीवर तांबडे डाग उमटले.

आज भावाने ती कापून प्लास्टिकची लावली. "बापू, दिसायला सेम हाय की!"

बापू म्हणाले, "दुसरी वळू का? आता कोरडी गुंडाळतो."

"ऱ्हाऊ द्या. झालं काम."

बापू कापलेली दोरी गोळा करू लागले.

मिस्त्री चुकला तर आपण त्याच्याकडून काम पुन्हा करून घेतो. बाप चुकला तर? त्याला दुसरी संधी मिळेल, अशी मला आशा उरलेली नाही. तुम्हाला आहे?