अलामेडावरचं क्रॉसिंग

“सुभाष, शिक्का मार. कुरियरवाला खाली थांबलाय.” माझा बॉस रॉन रिपोर्ट टेबलावर आपटून म्हणाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अमेरिकेत, शुगर लँड या उपनगरातून रोज ह्यूस्टनला ड्राइव्ह करायचो, एका कन्सल्टिंग फर्ममध्ये ट्रॅफिक इंजिनियर होतो. काम होतं चिलीतल्या सँतियागोचं. तिथे अलामेडा नावाचा जुना हमरस्ता आहे, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावरची कोणती क्रॉसिंग ठेवायची आणि कोणती बंद करायची, ते आम्ही सांगणार होतो. ह्यूस्टनमध्ये बसून!

क्रॉसिंग ठरतं पेडेस्ट्रियन काउंटवर. म्हणजे कोपऱ्यावर माणसं बसवायची आणि रस्ता ओलांडणारे मोजायचे. रिपोर्टात मुलींच्या एका शाळेसमोरचं क्रॉसिंग बंद करायला सांगितलं होतं. कारण? ‘वापर नगण्य.’

मी काउंटची शीट काढली. सकाळी आठ वाजता, शाळेच्या दारात, एकही पोरगी नाही. तारीख फेब्रुवारीतली. अहो, मी पुण्याचा. मे महिन्यात शाळेसमोर कुत्रंही फिरकत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. मी सँतियागोला फोन लावला. तिथली आमची इंजिनियर मार्ता म्हणाली, “फेब्रुवारी म्हणजे इथली उन्हाळी सुट्टी. निम्मं शहर समुद्रावर असतं. शाळा मार्चमध्ये उघडतात.”

“मग आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं की! लेखी. तुमच्या साहेबांचं उत्तर आलं, शेड्यूल बदलणार नाही.” मग म्हणाली, “माझी मुलगी त्याच शाळेत आहे.”

माझं डोकंच फिरलं. क्रॉसिंग काढलं म्हणून पोरी काय पुढच्या सिग्नलपर्यंत चालत जाणार होत्या? बसगाड्यांमधून पळतच सुटल्या असत्या.

तसाच रॉनच्या केबिनमध्ये शिरलो. “ही मोजणी सुट्टीतली आहे. परत करायला हवी.”

“सुट्टी त्यांची, आपली नाही,” रॉन म्हणाला.

“मग रस्ता काय आपला आहे?”

“शिक्का दुसऱ्या कुणाचा घेईन.”

“खुशाल घे. पण मार्ताचं पत्र क्लायंटला मी स्वतः पाठवणार.”

तो लालबुंद झाला. इंजिनियरचा शिक्का म्हणजे लोकांच्या जिवाची हमी, बटाट्याचा ठसा नव्हे. पत्र क्लायंटकडे जाईल या धास्तीने शेवटी रॉनने परत मोजायचं कबूल केलं. कुरियरवाला रिकाम्या हाताने गेला.

एप्रिलमध्ये परत मोजणी झाली. सकाळच्या अर्ध्या तासात मोजणाऱ्याची शीट भरली, मागच्या बाजूला लिहावं लागलं. क्रॉसिंग राहिलं. प्रेझेंटेशनला रॉन छाती फुगवून म्हणाला, “स्थानिक ऋतुमान तपासण्याचा आग्रह आम्ही पहिल्यापासून धरला होता.” मार्ताचं नाव रिपोर्टात कुठेही नव्हतं. निर्लज्जपणालाही काही सीमा असते!

मी तणतणत तिला फोन केला. ती म्हणाली, “नाव जाऊ द्या हो. मुलगी आज पहिल्यांदाच एकटी शाळेत गेली.”

तिचा राग गेला होता. माझा अजून गेलेला नाही. परक्या गावात मोजायला जाल, तर शाळा कधी उघडते ते आधी विचारा. आणि सांगणाऱ्याचं नाव पहिल्या पानावर लिहा.