माफीच्या आधीचा केक

अवधपुरीत आमच्या समोर राहणाऱ्या ख्रिस्ती काकू स्वतःचं वाक्य पुरं होण्याआधीच हसतात. मराठीत सुरू झालेलं त्यांचं बोलणं फाटकापाशी हिंदीत पोचतं. शेजारच्या गृहस्थांनी भांडणाच्या रागात त्यांचं पेरूचं झाड तोडलं होतं. तरी नाताळला केकची पहिली ताटली घेऊन त्या त्याच गृहस्थांकडे निघाल्या.

“काकू, त्यांनी अजून माफीही मागितली नाही,” मी म्हणालो.

“तोवर केक शिळा होईल रे. आणि देवानं माझ्यावर कृपा केली, तेव्हा मी तरी कुठे माफी मागितली होती?”

गृहस्थांनी दार उघडलं. ताटलीकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, “भाभी, अंदर आइए. चाय बन रही है.”

काकू चपला काढून आत गेल्या.