चौथीची फर्स्ट शिफ्ट

"मी पोरांना मोकळीक दिली, आणि त्यांनी वर्गावर सुपरवायझर नेमला," मेथी निवडता निवडता ज्योत्स्नाबाई नवऱ्याला म्हणाल्या.

दिनेश नुकताच कंपनीतून आला होता. तो हसतच सुटला. "कोण गं?"

"शुभांगी. लेट मार्क लावते."

बाई अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शाळेत चौथीला शिकवतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आत झाकण उघडून बघावंसं वाटणाऱ्यांतल्या त्या. मुलांवर सोडलं तर मुलं काय करतील, हे त्यांना यंदा बघायचंच होतं. सोमवारी त्यांनी वर्गात सांगून टाकलं, "मधल्या सुट्टीपर्यंत काय शिकायचं, कधी, कुठे बसून, ते तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही."

पोरं चित्रं काढतील, फार तर पटांगणात पळतील, असा त्यांचा अंदाज होता. पण बहुतेकांच्या घरचं कुणी ना कुणी कारखान्यात. मोठी माणसं काम करतात ते असंच, एवढंच पोरांनी पाहिलेलं. त्यांनी दोन शिफ्ट पाडल्या, फर्स्टला गणित आणि सेकंडला वाचन. लघवीला जायला गेटपास. घंटा झाली की दार बंद, उशीर झालेल्याने सेकंड शिफ्टपर्यंत व्हरांड्यात बसायचं.

व्हरांड्यात रोज एकटी सुहाना. तिची अम्मी भल्या सकाळी कामावर जाते, त्यामुळे धाकट्या भावाला अंगणवाडीत सोडूनच तिला येता येतं. आत भागाकार सुरू झाला होता.

"मग उघड की दार. बाई तू आहेस ना?" दिनेश म्हणाला.

"मी उघडलं तर मोकळीक कसली?"

"आणि नाही उघडलंस तर त्या पोरीचं गणित बोंबललं."

बाईंचं मेथीवरचं लक्ष उडालं. निवडलेली मेथी काड्यांत टाकली आणि काड्या पातेल्यात.

दुसऱ्या दिवशी घंटेनंतर त्या सुहानाशेजारी जाऊन बसल्या. "तुला काय हवंय गं?"

सुहाना गोंधळली. तिला हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाईंनीसुद्धा नाही. मग म्हणाली, "अम्मीला अडचण असली की ती शिफ्ट बदलून मागते."

"मग तू पण माग. माझ्याकडे नाही, आत."

सुहानाने दार वाजवलं. शुभांगीने फटीतून डोकं काढलं. "काय आहे?"

"गणित सेकंडला घ्या ना. वाचन मी घरी करीन."

"असं एकटीसाठी नसतं होत. मीटिंग घ्यावी लागेल." शुभांगीने बाईंकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही बाहेरच थांबा."

दार बंद झालं. दोघी कान लावून बसल्या. आत मागच्या बाकावरचा भारत ओरडत होता, "सकाळी सकाळी गणित मला पण नको!" कुणी म्हणालं, "मग आधी का नाय बोलला?" "कोणी विचारलं का?" मग बाक सरकल्याचे आवाज आले, मग बराच वेळ कुजबुज. सुहाना नखं खात होती. बाईंना उठून आत जावंसं फार वाटत होतं. त्यांनी हात मांडीखाली दाबून धरले.

दार उघडलं.

"गणित सेकंडला," शुभांगी म्हणाली. "पण घरी काय वाचलं ते रोज सांगायचं. चल, ये आत."

सुहाना पळतच आत गेली. बाईही उठल्या.

"मॅडम, तुम्ही कोणत्या शिफ्टला?"

बाई उंबऱ्यातच थांबल्या. "मला दोन्हीला चालेल का?"

शुभांगी मागे वळून म्हणाली, "विचारून सांगते."